यूहेड्रलसाठी लागणारी जागा

२ मार्च
विज्ञानकोशासाठी ‘यूहेड्रल’ या शब्दाची नोंद लिहायचं काम आलं. दहा ओळी. अर्थ सोपा: ज्या स्फटिकाचे सगळे पैलू पूर्ण आणि रेखीव, तो यूहेड्रल. वाढताना भोवती मोकळी जागा हवी. दाटीत वाढला की शेजारी पैलू दाबून टाकतात, उरतो नुसता खडा. उद्या सकाळी लिहून टाकतो.

३ मार्च
जेवणाच्या टेबलावर बसलो. एकीकडे बायको भाजी निवडतेय, दुसरीकडे कुकर. आयुष्यभर माझे पैलू कोणी दाबले, ते आज शास्त्रीयदृष्ट्या कळलं. लिहिलं नाही.

५ मार्च
घरात जाहीर केलं: लेकीची खोली मला हवी. बायको म्हणाली, दहा ओळींना खोली, तर पुस्तकाला बंगला लागेल. शिवाय पोरीची परीक्षा तोंडावर आलीय. मी शांतपणे समजावलं, की ती तरुण आहे, कुठेही बसेल. लेक पुस्तकं उचलून टेबलावर गेली.

८ मार्च
खोली उत्तम. ऊन येतं म्हणून पडदा लावला. अंधार झाला म्हणून दिवा आणला. खुर्ची करकरते. उद्यापासून नक्की.

११ मार्च
बाहेर लेकीचं पाठांतर. दार उघडून सांगितलं, मनातल्या मनात वाच. पानंही जरा हळू उलट. बायकोने विचारलं, श्वास घेतला तर चालेल ना? दुर्लक्ष केलं. पहिला शब्द लिहिला: ‘यूहेड्रल’. सुरुवात दमदार.

१४ मार्च
लेक परीक्षा होईपर्यंत मावशीकडे राहायला गेली. मला न विचारता! असो. जागा वाढली. आता सबब नाही. दुपारी जरा डोळा लागला.

२० मार्च
संपादकांचा फोन. कोशात जागा कमी पडतेय, तुमची नोंद वगळतोय म्हणाले. मी म्हटलं, अरेरे, तयारच होती.

३० मार्च
परीक्षा संपली तरी लेक आली नाही, म्हणून आणायला गेलो. मावशीकडे टीव्ही, कुकर, दोन मावसभावांची मारामारी. त्या गलक्यात ही कोपऱ्यात मांडी घालून पुस्तक वाचत होती. म्हटलं, इथे कसला अभ्यास झाला असणार! म्हणाली, पेपर छान गेले. चल घरी, खोली तुला परत देतो, म्हटलं. म्हणाली, नको बाबा, तुम्ही करा तुमचं काम, मी इथेच बरी आहे. पुढचं कॉलेजही इथूनच करीन.
कुठलं काम, ते तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.
घरी आलो. बायकोने दोनच ताटं घेतली होती.