कंट्रोलरमधल्या मुंग्या

११ एप्रिल, शुक्रवार

मेल्या. अख्खी शेड मेली!

दुपारी भाकऱ्या थापत होते. एकदम काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. शेड बांधल्यापासून त्या पंख्यांची घरघर रात्रंदिवस चालू असते, कानाला कळतसुद्धा नाही. थांबली तेव्हाच कळली. लाइट गेली म्हणावं तर घरातला पंखा फिरत होता!

धावले. दार उघडलं तर भट्टीत तोंड घातल्यासारखं झालं. आमची शेड चहूबाजूंनी बंद. मोठे पंखे हवा ओढतात म्हणून कोंबड्या जगतात, आणि पंखे चालवतो भिंतीवरचा कंट्रोलर. छोटा कॉम्प्युटरच तो. गरम झालं की भोंगा वाजवतो, माझ्या नवऱ्याच्या, धनेशच्या फोनवर मेसेज टाकतो. आज भोंगा नाही, मेसेज नाही. स्क्रीन काळी.

दोऱ्या सोडून बाजूचे पडदे पाडले. पाइपने पाणी मारलं. चोची वासून, माना ताणून सगळ्या पंख्यांच्या भिंतीकडे एकमेकींवर चढत होत्या. खालच्या आधी गुदमरल्या. मी हाताने ढीग उपसत होते — बाहेर काढावी तर हातातच मान टाकायची. परवा माल उचलायला गाडी येणार होती.

धनेश तळोज्याहून खाद्य घेऊन आला. आत गेला. बाहेर आला तो ओरडतच — "बल्यानं केलं! बल्यानंच!"

बल्या म्हणजे बळीराम भाऊजी. याचा पाठचा सख्खा भाऊ, कुंपणापलीकडे राहतो. माश्या आणि वासावरून दोघांचं भांडण चालूच होतं. होळीला भाऊजी सगळ्यांसमोर बोलून गेले होते — "येक दिवस तुजे पंखेच बंद करतंय बघ." ते एक वाक्य!

पुढचंही लिहायलाच हवं, नाहीतर डोक्यात फिरत राहील.

भाऊजी जेवत होते. धनेशने त्यांच्याच ओटीवरचा फावडा उचलला. पहिला दांडा पाठीत. दुसरा जबड्यावर. हाड मोडल्याचा आवाज मला कुंपणाशी ऐकू आला. ताटातल्या भातावर रक्त. "दादा, मी नाय—" एवढंच म्हणू शकले. जाऊबाई, चंद्रावती, मध्ये पडल्या, हात पुढे केले. तिसरा त्यांच्या बोटांवर. मी मागून धनेशची कंबर धरली, त्याने कोपर मारलं, माझा ओठ फुटला. भाऊजी आडवे झाले तरी लाथा चालूच. पोटात, बरगड्यांवर.

थांबला. दया आली म्हणून नाही — दमला म्हणून.

सासूबाई दारात उभ्या होत्या. हलल्या नाहीत.

१२ एप्रिल

भाऊजी पनवेलच्या हॉस्पिटलमध्ये. जबडा तीन ठिकाणी मोडलाय, फुप्फुसात रक्त. सासूबाईंनी डॉक्टरला सांगितलं, जिन्यावरून पडला. घर बैठं आहे आमचं. जिना कुठला!

इथे जेसीबीने शेडमागे खड्डा काढला. ट्रॉल्या भरभरून ओतल्या, वर चुना. काही अजून फडफडत होत्या. धनेश खड्ड्यात उतरून एकेकीची मान पिरगळत होता. चेहरा शांत. त्या शांतपणाची मला जास्त भीती वाटली.

१३ एप्रिल

हवालदार येऊन गेला. हॉस्पिटलने कळवलं असणार. सासूबाईंनी जिन्याचंच सांगितलं. तो छपराकडे बघत राहिला, चहा प्यायला, गेला.

माझ्या ओठाकडे बघून म्हणाला, "तुम्हीपण पडलात काय, वहिनी?"

मी हो म्हटलं.

१४ एप्रिल, सोमवार

आज प्रितम आला, पंख्यांच्या कंपनीचा माणूस. धनेश सकाळपासून त्याला फोन लावत होता — "ये, आणि कुठली वायर कापली ती दाखव. मना कागदावर लिवून पायजे." मी चहा घेऊन गेले, तिथेच उभी राहिले.

प्रितमने कंट्रोलरचं झाकण काढलं.

मुंग्या! आत काळं-लाल नुसतं वळवळत होतं. हिरव्या सर्किटवर पांढरी अंडी, तांदळाच्या कणीसारखी. खालच्या बाजूला मेलेल्या मुंग्यांचा थर, चहापूड सांडावी तसा. आणि पंख्यांच्या मोठ्या स्विचमध्ये, पट्ट्यांच्या मध्ये, एक पाल. अर्धी जळून कोळसा, शेपूट बाहेर.

प्रितम म्हणाला, "उबेला येतात हो. एखादीला करंट बसला की ती मरताना वास सोडते. त्या वासावर बाकीच्या तुटून पडतात, चावायला. त्या पण मरतात. मग अजून येतात. असं करत सगळं भरून जातं. पाल त्यांना खायला घुसली असणार. शॉर्ट झालं, बोर्ड गेला. बोर्ड गेला म्हणून भोंगा पण नाही."

"आनी वायर?"

"वायरी सगळ्या चांगल्या आहेत, शेठ."

धनेश बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, आता खाली बसेल. रडेल. मी पुढे होऊन त्याच्या पाठीवर हात ठेवणार होते!

त्याने मुंग्यांचा फवारा आणला आणि अख्खा डबा आत मारला. प्रितम ओरडला — "मेन चालू आहे, शेठ!" फाट्कन जाळ झाला. धनेशच्या भुवया जळाल्या, हाताची कातडी सोलली. तरी थांबला नाही. पान्याने ठेचत सुटला. मुंग्या, अंडी, बोर्ड, सगळं. मुंग्या त्याच्या भाजलेल्या हातावर चढून चावत होत्या आणि तो ठोकत होता. प्रितमने पळत जाऊन मेन पाडला.

मग धनेशने खिशातून पक्कड काढली आणि पंख्यांची जाड केबल कापली. आमच्या डोळ्यांदेखत. एका झटक्यात.

"वायर कापलेलीच होती. काय, प्रितम?"

प्रितमने हत्यारं गोळा केली. मोटरसायकलवर बसला आणि गेला.

मी म्हटलं, "धनेश, भाऊजींनी काही केलेलं नाही. आता तरी—"

केस धरून त्याने माझं तोंड त्या पॅनेलवर दाबलं. फवाऱ्याचा आणि जळक्याचा वास. गालावर जिवंत मुंग्या. "नीट बघ. काय दिसतंय तुला? कापलेली वायर दिसतेय ना?"

दिसतेय म्हटलं. काय करणार!

१५ एप्रिल

डावा डोळा उघडत नाही. गालावर मुंग्यांच्या चाव्यांचे फोड. एवढंच आज.

१६ एप्रिल, बुधवार

डोळ्याच्या डॉक्टरकडे जाते सांगून हॉस्पिटलला गेले.

भाऊजींचे दात तारांनी बांधलेत. नळीने दूध. मला बघून डोळ्यांतून पाणी आलं, पण ते माझ्या सुजलेल्या डोळ्याकडे बघत होते. जाऊबाईंच्या उजव्या हाताला प्लास्टर. आधी तोंड फिरवलं त्यांनी. मग मी पालीचं, मुंग्यांचं, केबलचं, सगळं सांगितलं.

"मुंग्या?" त्या म्हणाल्या. "मुंग्यांपायी माज्या नवऱ्याचा तोंड फोरला?"

वॉर्डमधली माणसं वळून बघायला लागली. त्यांनी चांगल्या हाताने मला एक मारली, खांद्यावर. मग त्याच खांद्यावर डोकं टेकलं.

१७ एप्रिल

धनेशने भाऊजींवर तक्रार दिली. वायर कापून शेड मारली म्हणून! कापलेल्या केबलचे फोटो दाखवले. भाऊजींना हॉस्पिटलमधून सोडलं की थेट उचलणार, असं ठाण्यात कोणीतरी म्हटलं म्हणे. धनेश खूश होऊन सांगत होता. हाताला पट्टी, भुवया नाहीत. ओळखू येत नव्हता.

सासूबाई कोळंबी सोलत होत्या. तो बाहेर गेल्यावर मान वर न करता त्यांनी विचारलं, "वायर त्यानंच कापली ना?"

"हो."

"तू पायलंस?"

"समोर उभी होते."

सोलत राहिल्या. सोलता सोलताच म्हणाल्या, "गप बस. बोललीस तर तुला जित्ती ठेवनार नाय तो. एक पोर गेला, दुसरा पन घालवू काय मी?"

मी म्हटलं, "भाऊजी गेले नाहीत अजून, आई. घालवतोय आपण."

कोळंबीचं पातेलं तसंच ठेवून उठल्या, देवघरापाशी भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. आज जेवल्या नाहीत.

१८ एप्रिल

प्रितमला फोन केला. म्हणाला, "वहिनी, मी बायको-पोरांचा माणूस." मग थोड्या वेळाने स्वतःच उलट फोन केला — "पोलिसांनी विचारलं तर खोटं नाही बोलणार. पण आपणहून येणार नाही." तेवढंही पुष्कळ आहे. उद्या ठाण्यात जायचं. माहेरी जाते म्हणून सांगेन. परत इथे येता येणार नाही हे कळतंय. दोन साड्या पिशवीत भरल्या, काढल्या, परत भरल्या.

१९ एप्रिल, शनिवार

ठाण्यात शिरले तर बाकावर सासूबाई! उजाडायच्या आत सहा आसनी रिक्षा धरून एकट्याच आल्या होत्या. समोर साहेब, कागद लिहून झालेले. फावडा, जबडा, पक्कड, जिना — सगळं सांगून बसल्या होत्या. खाली अंगठा.

साहेबाने माझ्याकडे बघून विचारलं, "ही सून ना तुमची? हिने काय पाहिलं?"

सासूबाई म्हणाल्या, "हिनं काय पन नाय पायलं. ही घरात होती. माजा पोरगा हाय, मी पायलं."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि साहेबाला म्हटलं, "लिहून घ्या. मी सगळं पाहिलंय."