कुणाकुणाच्या अंगणातली बाग

तीर्थरूप आईस, लांबूनच वाकून नमस्कार.

मी ठीक आहे. खोली कोरडी आहे, जेवण वेळेवर होतं.

इथल्या बागेतलं प्रत्येक झाड मूळ कुठून आलं ते शोधून नोंदवायचं, हे माझं काम. ही बाग एका डॉक्टरीणबाईंनी उघड्या माळावर सुरू केली. कुणी परगावाहून राहायला आलं की त्या म्हणायच्या, "बाकी काही नको, तुमच्या अंगणातली एक फांदी आणा." त्यामुळे जुन्या वहीत प्रत्येक झाडापुढे कुणाचं तरी गाव लिहिलेलं आहे. सकाळी धुक्यात फिरताना कळत नाही, आपण नक्की कुणाच्या अंगणातून चाललोय.

परवा एक डाळिंब दुसरीकडे लावलं. उपटण्याआधी खोडाच्या उत्तर बाजूला चुन्याचा ठिपका द्यायचा असतो, म्हणजे नव्या जागीही झाडाची तीच बाजू उत्तरेला ठेवता येते. मी विसरले. माळीकाका म्हणाले, "शिकलेल्या बाई, आता त्यालाच विचारा, तोंड कुठे होतं ते!" पानं मलूल झालीत, पण जगेल म्हणतात.

इथे मला आणखी दोन वर्षं राहा म्हणताहेत. महिनाअखेर उत्तर द्यायचंय. राहायला मला आवडेल. पण तुझ्या गुडघ्याचं दादाने कळवलं, तू नाही. तेव्हा "मी मजेत" असं लिहू नकोस. न थांबता जिन्याच्या किती पायऱ्या चढतेस, ते मोजून कळव. त्यावरून मी ठरवीन.

मी इथे राहावं असं तुला वाटत असलं, तरी आकडा वाढवू नकोस.

तुझी,
धाकटी