राणी गातेय

१६ एप्रिल
पोहोचलो एकदाच्या सोलापुरात, मी आणि सई. ह्यांनी कुर्डुवाडीच्या वर्कशॉपातून सुट्टी काढून सामान पोहोचवलं आणि जाताना गॅस नीट बंद करत जा म्हणून दहा वेळा बजावलं. जशी काही मी काल चूल पाहिली. खोली विजापूर रोडला आहे, छोटी पण हवेशीर. नळाला पाच दिवसांनी पाणी येतं, त्याचा हिशेब घरमालकीण हेमावतीकाकूंनी चहाच्या आधी सांगितला. सई चार वर्षांची झालीय, तिला शाळा जूनमध्ये. तोवर ती माझ्याबरोबर कामावर येणार.

काम मॉलमध्ये, तिसऱ्या मजल्यावरच्या 'सागरलोक'मध्ये. अर्धगोल पडदा, पायाखालची फरशी थरथरते, तोंडावर पाण्याचे फवारे उडतात. आपल्याकडे समुद्र कुठला, म्हणून लिफ्टने वर आणलाय. शेवटी राणी येते. ओर्का, देवमाशाच्या जातीतली, काळी-पांढरी, टेंपोएवढी. परदेशातल्या बंद पडलेल्या एका पार्कातलं जुनं चित्रण आहे ते. ती उड्या मारते, शेपटी हलवून टाटा करते आणि मी माईकवर मराठीतून गंमत सांगते. मालक सोमेशसर म्हणाले, खुसखुशीत बोला. गॅदरिंगं गाजवलेली बाई मी, मला हे सांगायला नको.

१९ एप्रिल
सगळे शो फुल. एका पोरीने विचारलं, राणीचा पाठीवरचा पंख असा कलंडलेला का? मी म्हटलं, एवढी माणसं बघून लाजली बिचारी. हॉल हसला. दात झिजलेत, त्यावर चॉकलेटचा विनोद केला, तोही चालला. शेवटी राणी टाकीच्या लोखंडी जाळीच्या दाराला तोंड लावते आणि लांबलचक आवाज काढते. बरोबर चाळीस सेकंद. तेव्हा मी म्हणते, ऐका, राणी आनंदानं गातेय. टाळ्या पडतात.

सई दाराशी बजाबाईंजवळ बसते. बजाबाई तिकिटं फाडतात आणि हॉल झाडतात. साठीच्या आहेत, तोंडाने फटकळ, पण सईला शेंगाची चटणी लावून भाकरी भरवतात. सई राणीच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करते. पोरगी माझ्यावर गेलीय.

२३ एप्रिल
आज बजाबाईंनी मला अडवलं. त्या नातेपुत्याकडच्या, जन्म म्हशींत गेलेला. म्हणाल्या, की हे गाणं न्हाय, रेडकू वडून नेल्यावर म्हस अशीच हंबरती. त्यांच्याकडे रेडकू मेलं की कातड्यात भुसा भरून म्हशीपुढे उभं करायचे. ती ते चाटायची आणि पान्हा सोडायची. मी हसून म्हटलं, अहो, ही पाण्यातली आहे. त्यावर म्हणाल्या, की व्हय, पण आई हाय की.

दुपारी कॉम्प्युटरवर त्या चित्रणाची यादी उघडली. इतके दिवस उघडायची गरजच वाटली नव्हती. शेवटच्या तुकड्यापुढे लिहिलंय: पिल्लू दुसऱ्या पार्कला नेल्याचा दुसरा दिवस. ह्याच दारातून नेलं. वर पंखाबद्दल आहे, टाकीत गोल गोल फिरून कलंडला. दात दाराचं लोखंड चावून गेले. आणि मी त्यावर चॉकलेटचा विनोद केला होता.

सोमेशसरांना सांगितलं. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, मॅडम, सुट्टीत आलेल्या पोरांना रडवायचंय का? आणि ती मरून नऊ वर्षं झाली, आता कुणाला दुखतंय? चारच्या शोला मी पुन्हा म्हणाले, राणी आनंदानं गातेय. तोच सूर, तेच हसू. लाज वाटली. टाळ्या पडल्यावर कमी झाली, हेही लिहून ठेवते.

२७ एप्रिल
कल्पना माझीच. सरांची नाही, माझी. मनाला खात होतं ना, म्हणून म्हटलं शेवट गोड करू. राणी हाक मारेल, पिल्लू उत्तर देईल. सईचा आवाज रेकॉर्ड केला, एकाच झटक्यात दिला तिने. जोडला. बायका डोळे पुसत होत्या, सर खूश. मलाही रात्री शांत झोप लागली.

बजाबाईंनी झाडू भिंतीला टेकवला. एवढंच म्हणाल्या, की भुसा झ्याक भरलाय तुमी.

१ मे
सुट्टीची गर्दी. मी घड्याळ बघून बोलते. आज चाळीस सेकंद झाले तरी आवाज थांबला नाही. अठ्ठावन्नपर्यंत गेला. शो संपल्यावर फाइल पाहिली, तिथे चाळीसच. सर म्हणाले, स्पीकर घुमतोय.

घुमणं नव्हे ते. मधे मधे थांबत होती. आपण हाक मारून कानोसा घेतो तशी.

४ मे
सई आता रेकॉर्डिंगच्या आधीच उत्तर देते, दाराशी बसल्या बसल्या. रेकॉर्ड केलेला आवाज हा नाही. हा खोल आहे, लांब आहे.

आज नळाचा दिवस. बॅरल भरत होते. सईने बॅरलच्या काठाला तोंड लावलं आणि तो आवाज काढला. मी तीनदा नावाने हाक मारली. वळली नाही. ह्यांना फोन केला, तर म्हणे पोरं नकला करतातच.

माझ्या पोरीला मी काय शिकवून बसले?

७ मे
सईचा आवाज शोमधून काढून टाकला. तिलाही आज हेमावतीकाकूंपाशी ठेवून आले.

चारचा शो. राणीने हाक मारली. थांबली. उत्तर नाही. पुन्हा मारली. दोन मिनिटं, तीन. लोक उठायला लागले. मग पडद्यावर ती वळली. चित्रणात ती वळत नाही, मी दीडशे वेळा पाहिलंय. हॉलकडे बघत होती. नंतर दाराकडे. सई रोज बसते तिथे.

९ मे
सकाळपासून सईने मला आई म्हटलेलं नाही. बघते, पण ओळख नाही नजरेत.

आज माईकवर सगळं खरं बोलले. ती गात नाही, तिचं पिल्लू नेलं, मी तुमच्याशी खोटं बोलले. कुणीतरी ओरडलं, मजा दाखवा. सरांनी तिथेच काढून टाकलं. बरं झालं. उद्या कुर्डुवाडी. राणीची माफी मागितली, पडद्याला हात लावून. पडदा ओला होता.

१० मे
किल्ल्या परत द्यायला गेले. सईचा हात सोडला, फक्त सही करायला — एक सही —

हॉल बंद. शो नाही. वायरी काढलेल्या. तरी आत फरशी थरथरतेय. सईच्या चपला पडद्याखाली. बजाबाई म्हणतात, की हाक मारत राहा, थांबू नका —

पडद्यावर दोघी. मोठी, आणि तिच्या कुशीला एक लहान.

मोठी आता ओरडत नाही. दाराशी जात नाही.

घसा गेला माझा. आवाजच फुटत नाही, म्हणून लिहितेय. लिहून काय ऐकू जाणार —

लहान वळलं. माझ्याकडे वळलं. सई, ये बाळा, ये —

मोठी मधे आली. बघतेय माझ्याकडे. राग नाही डोळ्यांत. तिला ठाऊक आहे मी किती दिवस हाका मारणार. सई, आई आहे इथे, इकडे बघ, सई, इक