ह्यांचा आवाज तुमच्याकडे आहे

माननीय मेजरसाहेब,

गेल्या वर्षी गच्चीवरचे कपडे काढताना आमच्या ह्यांना आभाळात हिरवा गोळा दिसला, त्याच्या चौकशीला तुम्ही घरी आला होतात. ह्यांनी बसच्या डेपोत सांगितलं तेव्हा सगळे ड्रायव्हर पोट धरून हसले होते. तुम्ही हसला नाहीत. रेकॉर्डर लावून सगळं ऐकून घेतलंत. मध्येच हे माझ्यावर ओरडले, "अगं, साहेबांना चहा दे, आणि साखर बेताची घाल!" तुम्ही म्हणालात, "काका, तेही रेकॉर्ड झालं बरं का."

पुढे तो हवामानाचा फुगा होता, असं तुमच्या कार्यालयानं कळवलं. "फुगा तर फुगा," हे म्हणाले. पण पुन्हा गच्चीवर गेले नाहीत.

हिवाळ्यात हे झोपेतच गेले. फोटो ढीगभर आहेत, आवाज कुठेच नाही. लेक सगळे फोन शोधून थकली. शेवटी परवा मी तुमच्या छावणीच्या फाटकाशी गेले.

"आजी, ती फाइल गोपनीय आहे," पहाऱ्यावरचा जवान म्हणाला.

"आभाळातलं तुमचं तुम्हाला लखलाभ. मला फक्त ह्यांचं ओरडणं ऐकव."

त्याचा चेहरा उतरला. "जुनी रेकॉर्डिंग पुसून टाकतात, आजी. साहेबांना लिहून विचारा."

म्हणून लिहायला बसले. पण हे पत्र पाठवणार नाही. तुम्ही सरळ माणूस. पुसलं असेल तर तसं कळवाल. मग मला ह्यांना दुसऱ्यांदा पोचवावं लागेल, आणि तेवढं बळ आता माझ्यात नाही.

आपली,
कोपऱ्यावरच्या घरातली बाई