उरलेली स्प्रिंग

२० सप्टेंबर, शनिवार

झालं एकदाचं! मागचे दोन्ही ब्रेक नवे. शू नवे, स्प्रिंगांचा संच नवा, हँडब्रेकची केबलसुद्धा नवी. कंबर मोडली आहे, नखांतलं काळं चार दिवस निघायचं नाही — पण झालं.

रूपश्री महिनाभर सांगत होती — अप्पा, ऑफिसच्या तळघरातल्या चढावर हँडब्रेक ओढला तरी गाडी मागे सरकते, गॅरेजला देऊ का? म्हटलं, बाप जिवंत असताना गॅरेज कशाला? पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात फिटर म्हणून उभा जन्म गेला माझा. जावई दुबईला, मुलगी रोज के. आर. पुरमहून व्हाइटफील्डला जाणार, वाटेत नातीला, अश्लेषाला, शाळेत सोडणार. त्यांचे ब्रेक मी परक्याच्या हाती देऊ?

बायकोची, शारदाची, कुरकुर वेगळीच. पितृपक्षात नवी वस्तू घेत नाहीत म्हणे. म्हटलं, ब्रेकचे शू म्हणजे काय पाटल्या आहेत? तोंड वाकडं करून चहा ठेवून गेली.

एक गोष्ट फक्त इथे लिहितो. जेवून परत आलो, डावं चाक समोर उघडं, आणि काही म्हणता काही कळेना. कुठली स्प्रिंग कुठे? हात नुसते हवेत. तसाच बसून राहिलो. मग एकदम सगळं आठवलं, हात आपले आपण चालू लागले. उन्हामुळे असेल.

समोरच्या नागराजच्या दारात चढ आहे. तिथे लावून पाहिली. गाडी जागची हलली नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. रूपश्रीला आज यायला उशीर. ऑफिसात काम निघालं म्हणाली. ब्रेक कसे आहेत विचारलं. ‘मस्त आहेत, अप्पा.’ बरं वाटलं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

पाण्याचा टँकर आला म्हणून गाडी पुढे घ्यायला गेलो. हँडब्रेक ओढला — लगेच घट्ट! मी एवढा घट्ट ठेवला होता? नवे शू आधी थोडे घासू द्यायचे, मग केबल आवळायची, ही माझी पद्धत. मी ढिलाच ठेवला होता, असं आठवतं.

आठवतं म्हणजे काय! माझ्या आठवण्याचा आता भरवसा काय! श्रावणात दूध आणायला गेलो आणि आपल्याच गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो. डावीकडे वळायचं की उजवीकडे, कळेना. नागराजने ‘बन्नी अण्णा’, चला दादा, म्हणत हात धरून घरी आणलं. घरात त्याने सांगितलं नाही असं मी धरून चाललोय. पण त्यानंतर रूपश्रीने दोनदा डॉक्टरांचा विषय काढला. मी दोन्ही वेळा पेपर तोंडापुढे धरला.

२८ सप्टेंबर, रविवार

चष्मा फ्रिजमध्ये सापडला. शारदा हसली. मीही हसलो.

१ ऑक्टोबर, बुधवार. आयुधपूजा

दुपार.

सकाळी पेटीतली हत्यारं पुसायला काढली. पाने, पकडी, हातोडी. मी पुसून देत होतो, शारदा पाटावर मांडून हळदकुंकू लावत होती. पेटीच्या तळाशी जुनं फडकं होतं. ते झटकलं तर टण्णदिशी काहीतरी फरशीवर पडलं. स्प्रिंग! हिरवी, कोरी, अंगावर एक ओरखडा नाही. ब्रेकच्या त्याच संचातली.

मुठीत दाबून धरली. शारदाने पाहिलं की नाही, माहीत नाही.

संचात जेवढ्यास तेवढ्या स्प्रिंगा असतात. एक उरली म्हणजे एका चाकात कमी आहे. ही नसली तर ब्रेक लगेच जात नाहीत. रोज थोडेथोडे ढिले पडतात, आणि मग एखाद्या उतारावर — देवा! आणि मी गाडी हातात दिल्यापासून दोघी त्याच गाडीतून फिरतायत. के. आर. पुरमच्या झुलत्या पुलावरून, त्या लॉऱ्यांच्या मधून!

चूक कुठे झाली तेही आता आठवतंय. मी दोन्ही बाजू एकदम सोडवल्या होत्या. तसं कधीच करत नाहीत! एका चाकाचं काम चालू असताना दुसरं जोडलेलंच ठेवायचं, म्हणजे अडलं की तिकडे बघता येतं. कारखान्यात नव्या माणसाला पहिल्या दिवशी मी हेच सांगायचो. आणि स्वतः?

आत्ताच्या आत्ता उघडून बघितलं असतं. पण हत्यारं पूजेत बसली. पूजेतल्या हत्याराला दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. वडिलांनी कधी लावला नाही, मीही नाही. कारखान्यातसुद्धा त्या दिवशी सगळी मशिनं फुलं माळून गप्प असायची.

संध्याकाळ. गाडीला केळीचे खुंट बांधले, कोहळा फोडला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. रूपश्रीने गाडी लिंबांवरून पुढे घेतली. अश्लेषा टाळ्या वाजवत होती. मी गेटजवळ उभा. थांबते का, थांबते का... थांबली.

उद्या पहाटे दोघी नंदीच्या डोंगरावर सहलीला चालल्यात. मैत्रिणी येणार, डबे ठरलेत, अश्लेषाने टोपीसुद्धा काढून ठेवली आहे. नंदीचा तो उतार, ती वळणं!

सांगू? सांगितलं तर आधी डॉक्टर. मग पेटी जाईल, मग स्कूटर, मग एकट्याने दुकानात जाणं. मग मी खुर्चीत बसलेला कुणीतरी. भीती वाटते मला त्याची, फार वाटते. आणि नाही सांगितलं तर जे होईल ते इथे लिहवत नाही.

जेवणाआधी खाली गेलो आणि पुढच्या चाकाची हवा सोडून दिली. स्टेपनीचीही. स्वतःच्या घरात चोर झालो.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

रूपश्री चिडली नाही. चाकाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. ‘सरी, बरं, दुपारी जाऊ,’ म्हणाली आणि नागराजकडे पंप मागून ठेवला. मग अश्लेषाला घेऊन चालत देवळात गेली.

दोघी वळणाआड गेल्या तसा मी पाटापाशी गेलो. उत्तरपूजा व्हायची होती. देवीपुढे हात जोडले आणि पाना उचलला. हळद बोटांना लागली.

शारदा दारात उभी होती. म्हणाली, ‘उघडू नका. आत सगळं ठीक आहे.’

मी म्हटलं, तुला ब्रेकमधलं काय कळतं? पूजेतलं हत्यार उचललं म्हणून ती रागावलीही नाही. याचंच नवल वाटलं.

आधी उजवं चाक. सगळं जागच्या जागी. म्हणजे डावं! ब्रेकवरचा ड्रम काढला. आत बघितलं. स्प्रिंग होती!

इतकं हलकं वाटलं की तिथेच फरशीवर बसलो. संचात जास्तीची आली असेल. कारखान्याची चूक, माझी नाही! शारदाला हाक मारणार होतो.

मग पुन्हा बघितलं. माझ्या संचातल्या सगळ्या स्प्रिंगा हिरव्या. ही काळी. आणि मधल्या नटावर पिवळ्या रंगाची बारीक रेघ. मी कधी रंग लावत नाही. गॅरेजवाले लावतात, तपासून झालं की.

शारदा येऊन पायरीवर बसली. हळूहळू सगळं सांगितलं. मी गाडीला हात लावला की पुढच्या कामाच्या दिवशी रूपश्री ती ऑफिसजवळच्या गॅरेजात उघडून दाखवते. गेल्या वर्षापासून. सोमवारचा उशीर तोच. राहिलेली स्प्रिंग घातली, हँडब्रेक घट्ट केला, तेही त्यांनीच. ‘तुमचं मन मोडायचं नव्हतं तिला,’ शारदा म्हणाली. आणि त्याच दिवशी घरी येऊन पोरीने मला सांगितलं होतं, मस्त आहेत, अप्पा.

लाज वाटली. रागही आला — मला लहान मूल समजता? पण पहिल्यांदा काय वाटलं ते खरं लिहितो. सुटलो असं वाटलं. त्या दोघी सुखरूप होत्या, सगळे दिवस. मी नव्हतो राखत त्यांना, तरी होत्या.

आतलं काही हलवलं नाही. ड्रम तसेच चढवले, चाकं बसवली. नट मी आवळले आणि शारदाला म्हटलं, एकेक हलवून बघ. तिने पदर खोचून प्रत्येक नट हलवून बघितला.

मग पाना पुसून पाटावर ठेवला आणि म्हटलं, ‘शारदा, या गाडीला मी पुन्हा हात लावणार नाही. दसऱ्याच्या दिवशी सांगतोय.’

मला वाटलं होतं तिच्या डोळ्यांत पाणी येईल. तिने नुसती मान हलवली आणि उत्तरपूजेची तयारी करायला आत गेली.

दुपारी दोघी नंदीला गेल्या. दिवेलागणीला परत आल्या.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

जेवताना रूपश्रीलाही सांगितलं — मला सगळं कळलंय, आता पुन्हा गाडीला हात लावणार नाही. अश्लेषा भात कालवता कालवता म्हणाली, ‘आजोबा, हे तुम्ही मागच्या दसऱ्यालाही म्हणाला होता. तेव्हा पुढची चाकं होती.’

शारदा ताटाकडे बघत होती. मला काही, काहीसुद्धा आठवत नाही.

हात धुतले आणि पेटीची किल्ली रूपश्रीच्या हातात दिली. म्हटलं, कुठे ठेवतेस ते मला सांगू नकोस.