सातवे फडके

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणतीस, मापयंत्रे तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला, अविवाहित, वडिलांच्या घरी राहणारी, आज रविवारी सकाळी घरामागच्या शेडमध्ये बसून हे मृत्युपत्र लिहीत आहे. मी शुद्धीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट ज्यांना ज्यांना सांगितले त्यांनी ‘असलं अभद्र काही लिहू नकोस’ असेच म्हटले.

गुरुवारी माझ्या डोक्यातली गाठ काढणार आहेत. शंभरात चार वेळा दगाफटका होतो, असे डॉक्टर मला धीर देण्यासाठी म्हणाले. आमच्या प्रयोगशाळेत शंभरात चारची चूक दाखवणारे यंत्र आम्ही नापास करून परत पाठवतो. गाठीचा त्रास एवढाच की दिवसातून एकदा, साधारण अर्धा तास, मला सगळे पाण्याखालून ऐकल्यासारखे ऐकू येते. बुद्धीला धक्का नाही. तसे डॉक्टरांनी लिहून दिले असून तो कागद सोबत टाचला आहे.

१. बँकेत जे काही आहे ते बाबांचे. आई माझ्या लहानपणीच गेली, त्यामुळे या कलमाला दुसरा दावेदार नाही.

२. माझे दोन मायक्रोमीटर आणि डायल गेज प्रयोगशाळेतल्या माझ्या शेजारणीला, जिला आम्ही सगळे चिमणी म्हणतो. अट एकच : मायक्रोमीटर मुठीत धरून गप्पा मारायच्या नाहीत. हाताच्या उबेने पोलाद वाढते आणि तिच्या गप्पा लांबतात.

३. कोपऱ्यावरच्या लेथवाल्या टर्नरकाकांनी पिकअपच्या इंजिनाचा ब्लॉक बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून कातून, दिला. पहिल्या दिवशी ते म्हणाले होते, “बाई, आकडे तू सांगू नकोस, माझा हात सांगेल.” मी सहाही सिलिंडर प्रत्येकी तीन उंचींवर, दोन दिशांनी मोजून छत्तीस आकडे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी वही उलटी-सुलटी करून पाहिली आणि पाचवा सिलिंडर निमूटपणे पुन्हा यंत्रावर चढवला. त्यांना माझा टॉर्क पाना, बोल्ट मोजून आवळायचा, हवा आहे. पण ते साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही ठेवू नये असे वकिलांनी सांगितले आहे. म्हणून त्यांना काही ठेवत नाही. ते आत्ता माझ्या खांद्यावरून हे वाचत आहेत आणि “मग मला साक्षीदार करू नकोस” म्हणत आहेत. उशीर झाला आहे.

४. आत्याला, जी गेली दहा वर्षे प्रत्येक भेटीत माझी नखे बघते आणि मग बाबांकडे बघते, तिला हात साफ करायच्या पेस्टचा नवा कोरा डबा. मी तो कधी वापरला नाही.

५. पिकअप.

ही गाडी बाबांनी खिडक्यांच्या काचा पोचवण्यासाठी घेतली. मागे तिरकी लाकडी चौकट, तिच्यावर दोन्ही बाजूंनी काचा उभ्या, आणि काचांमध्ये आभाळ. गाडी वळली की आभाळ वळे, झाडे येऊन जात, एखादा पक्षी एका काचेतून दुसरीत शिरे. बाबा आभाळ पोचवायचे काम करतात असे मला सहा वर्षांची होईपर्यंत वाटत होते. पुढे इंजिन जाम झाले आणि गाडी ताडपत्रीखाली गेली. बाबा काचेच्या दुकानात काच कापायला लागले. इंजिन उघडायचे नाव त्यांनी काढू दिले नाही. “मेलेलं आहे ते. मढं उघडून काय बघायचंय?”

चौदा महिन्यांपूर्वी, त्यांना न विचारता, मी ते उघडले.

सहा सिलिंडर, एका ओळीत. क्रँक घासून घेतला, बेअरिंगे नवी, पिस्टन नवे. बारा व्हॉल्व्ह मी एकेक करून हाताने घासून बसवले. दोन तळहातांत दांडी फिरवत, सुट्टीच्या दुपारी, शेडच्या पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे जमिनीवर सरकत असताना. त्या कामात वेळ मोजता येत नाही. मी मोजून पाहिला आहे; दर वेळी वेगळा येतो.

पहिल्यांदा सुरू झाले तेव्हा मिसिंग होते, म्हणजे एक सिलिंडर नीट पेटत नव्हता. माझ्याकडे टायमिंगचा दिवा होता, व्हॅक्यूम गेज होते आणि गेजचा काटा थरथरत होता, पण दोष कुठल्या सिलिंडरमध्ये ते मला सापडेना. बाबा घरातून आले. इतक्या वर्षांत ते शेडमध्ये पहिल्यांदा आले. पालथ्या खोक्यावर बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

“चार नंबर,” ते म्हणाले.

“कशावरून?”

“बाकीचे पाच बोलतायत. हा पुटपुटतोय.”

चौथ्याचे एक टॅपेट, व्हॉल्व्ह दाबणारे, इतके घट्ट होते की फट मोजायच्या फिलर गेजची सर्वांत पातळ पट्टीही आत जाईना. इंजिन गरम असतानाच ते सैल केले. काटा थांबला. मी हेडच्या झाकणावर पाण्याने भरलेला पेला ठेवला आणि पाण्यावर सुरकुतीसुद्धा उठली नाही. शेडचे छप्पर त्यात उलटे, शांत दिसत होते. स्लोवर चाललेल्या सहा सिलिंडरच्या आवाजात आत जाऊन बसता येते, घरात बसावे तसे. आम्ही दोघे तसे बसलो. किती वेळ, ते वहीत नाही.

मग बाबा म्हणाले, “त्यानं मारली होती. तू जिवंत केलीस.”

‘त्यानं’ म्हणजे माझ्या भावाने, दादाने. मी हातातला पाना पुसत राहिले.

ही पिकअप मी दादाला देत आहे. गाडी कागदोपत्री बाबांनी मागच्या महिन्यात माझ्या नावावर केली आहे, त्यामुळे तो अधिकार मला आहे. नव्याने बांधलेले इंजिन पहिले हजार किलोमीटर जपून चालवायचे असते; त्यांपैकी चारशे दहा झाले आहेत. उरलेल्यांत साठच्या वर जायचे नाही, एकाच वेगाने फार वेळ चालवायचे नाही, चढावर वजन न्यायचे नाही.

६. मापांच्या कप्प्यात तळाशी एक बंद लिफाफा आहे. माझ्या मागे तो दादाला द्यावा. त्यात काय आहे ते इथे लिहिते.

दहा वर्षांपूर्वी, मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना, गाडीचा चेंबर, म्हणजे इंजिनाखालचे तेलाचे पात्र, गळू लागला. ‘मीच बसवणार, मला येतं,’ असा हट्ट मी धरला. बाबांचा नियम होता : आत नेलेली फडकी मोजायची, बाहेर आलेली मोजायची, आकडा जुळला तरच चेंबर लावायचा. निळ्या रेघांची एक जुनी चादर मी फाडून घेतली होती. सुरुवातीला मी तुकडे मोजलेच नाहीत. गॅस्केट चिकटवून, सगळे बोल्ट आवळून झाल्यावर बाबांनी विचारले, “किती निघाली?”

“सहा.”

“गेली किती होती?”

“सहाच.”

ते म्हणाले, “शाब्बास.”

सहा आठवड्यांनी दादा काचा घेऊन चढावर असताना तेलाचा दिवा लागला आणि इंजिन जाम झाले. बाबांनी तेलाची पट्टी ओढून पाहिली. तेल पूर्ण भरलेले होते.

“तेल आहे. म्हणजे दिवा लागल्यावरही तू गाडी दामटलीस.”

“बाबा, लागल्या लागल्या बंद केली.”

“लागल्या लागल्या बंद केली असतीस तर जाम झाली असती? मला शिकवतोस?”

“तुम्हाला कोण शिकवणार! तुम्ही शिकूनच जन्माला आलात.”

आठवड्याभरात दादा घर सोडून गेला. तो आता दुसऱ्या गावी बस चालवतो. दर रविवारी मला फोन करतो, बाबांना नाही.

चौदा महिन्यांपूर्वी चेंबर खाली उतरवला तेव्हा तेल ओढणाऱ्या जाळीला एक फडके गुंडाळलेले होते. तेल भरलेले असूनही वर चढू शकत नव्हते. फडके काळे पडले होते, पण निळ्या रेघा ओळखू येत होत्या. तेच लिफाफ्यात आहे. दादा दर रविवारी विचारायचा, “गाडी कुठवर आली गं?” मी त्याला हेड सांगितले, क्रँक सांगितला, टॅपेटची फट शतांश मिलिमीटरपर्यंत सांगितली. हे सांगितले नाही.

परवा दवाखान्यात मी नर्सबाईंना विचारले, “आत जाणारी कापडं तुम्ही मोजता का?” त्या म्हणाल्या, “मोजतो तर. उघडायच्या आधी, शिवायच्या आधी, शिवून झाल्यावर. फळ्यावर लिहून.” मी म्हटले, “फळ्यावर?” त्या हसल्या. “माणसाच्या तोंडावर विसंबून चालतं का, बाई?”

७. कलम सहा लिहून झाल्यावर मी ते पुन्हा तपासले. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. म्हणजे शंभरात चार वेळा दादा सुटतो. उरलेल्या शहाण्णव वेळा मी बरी होऊन घरी येते, लिफाफा कप्प्यात राहतो आणि दोष दादाच्या माथी. थोडक्यात, त्याच्यावरचा आळ जावा म्हणून मी मरायला हवे. असली जोडणी मी दुसऱ्या कोणाची पास केली नसती.

म्हणून कलम सहामधली लिफाफा माझ्या मागे देण्याची सूचना रद्द. दादा कालच गावात आला आहे. दवाखान्याजवळच्या लॉजवर उतरला आहे, घरी नाही. त्याला साडेदहाला शेडमध्ये बोलावले आहे, बाबांनाही. सही करण्याआधी मी हे सगळे मोठ्याने वाचणार आहे.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी.

वाचून दाखवले. बाबांनी लिफाफा मागितला आणि फडके तळहातावर पसरले.

दादा म्हणाला, “मलाच वाटायला लागलं होतं की मी थांबलो नसेन. स्वप्नात दर वेळी मी पुढेच जातो.”

बाबांनी त्याच्याकडे न बघता विचारले, “आता बसचा दिवा लागला तर काय करतोस?”

“थांबतो. प्रवासी आई-बाप काढतात. तरी थांबतो.”

“हं.” मग ते माझ्याकडे वळले. “तुला कधीपासून माहीत आहे?”

“खात्री चौदा महिने. शंका दहा वर्षं.”

“शंका आली तेव्हाच का नाही बोललीस?”

“तुम्ही शाब्बास म्हणाला होतात.”

बाबा खाली बसले. बराच वेळ त्यांनी फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. शेवटी म्हणाले, “उभा होतो मी तिथंच. वाकून बघायला काय झालं होतं मला?” हे त्यांनी कोणाला विचारले ते कळले नाही.

मी दादाला म्हटले, “तू मला काहीतरी बोल.”

“बोलणार आहे. भरपूर बोलणार आहे. दहा वर्षांचं आहे, असं उभ्या उभ्या व्हायचं नाही. शुक्रवारी शुद्धीवर ये, मग बघतो तुझ्याकडे.”

“शुक्रवारी बोलायला परवानगी नसते.”

“तू ऐकायचं आहेस.”

बाबा उठले. “सामान कुठं आहे तुझं?”

“लॉजवर.”

“चल, घेऊन येऊ.”

या मृत्युपत्रात खाडाखोड एकच, कलम सहामध्ये, वर सांगितलेल्या कारणासाठी. बाकी मजकूर मला मान्य आहे आणि दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही करत आहे.

सही : (सहीचे अक्षर नेहमीचेच, ताडून पाहावे)

साक्षीदार पहिले : टर्नर, कोपऱ्यावरच्या लेथच्या दुकानाचे मालक. “माझ्यासमोर सही केली. पाना मिळाला नाही.”

साक्षीदार दुसऱ्या : शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या मावशी. “माझ्यासमोर सही केली. पोरगी जेवलेली नाही.”

ठिकाण : घरामागची शेड. तारीख सोळा, रविवार, दुपारी पाऊण वाजता.

खाडाखोडीशेजारी बाबांच्या आणि दादाच्या सह्यांसाठी दोन जागा मोकळ्या सोडल्या आहेत. दोघे पिकअप घेऊन गेले आहेत. आल्यावर करतील.