दोन माणसांची पिशवी

४ मार्च, सकाळ

आजपासून रोजनिशी. मी अक्षराला ओळखत नाही आणि अक्षर मला ओळखत नाही, म्हणून आजवर राहून गेलं. आता नातीनं फोनमध्ये सोय करून दिली आहे. बटण दाबायचं, बोलायचं. तारीख तो घालतो, लिहितोही तोच. मग आजी, वाचणार कोण, असं ती विचारत होती. वाचायचं कशाला? मीच बोलले, मला माहीत आहे.

काल आवारात फायर ब्रिगेडचा माणूस येऊन गेला. संकटात काय करायचं ते शिकवलं. एक पिशवी भरून ठेवा म्हणाला. टॉर्च, दोरी, पाणी, औषधं, कोरडा खाऊ, शिट्टी. शिट्टी तीनदा वाजवली की समजायचं, मदत हवी आहे. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका. माणूस हुशार होता. शेवटी जरा घसरला. शेजाऱ्यांशी ओळख ठेवा म्हणे. तेवढं सोडून बाकी सगळं करणार आहे.

६ मार्च

पिशवी भरली. दोन चादरी, दोन कप, बिस्किटांचे दोन पुडे. भांडीवाली म्हणाली, आजी, राहता एकट्या, कप दोन कशाला? म्हटलं, संकटात कोण सोबत असेल सांगता येतं का. ती म्हणाली, संकट नसताना तर कोणी नसतं. फार बोलते. उद्यापासून तिच्याशी कामापुरतंच बोलायचं, असा निश्चय केला आहे.

टॉर्चमधले सेल काढून टीव्हीच्या रिमोटमध्ये घातले. वापरात राहिले की ताजे राहतात.

७ मार्च

भांडीवाली महिनाभर सुट्टीवर गेली. माझा निश्चय वाया गेला.

८ मार्च, रविवार

मुलाचा फोन. दर रविवारी येतो. त्याला पिशवीचं सांगितलं. म्हणाला, आई, तुला भीती वाटते का गं? म्हटलं, मला कसली भीती, मी इमारतीसाठी करते आहे. मनगटावर बांधायचं एक बटण मिळतं म्हणाला, दाबलंस की मला फोन येईल. नको म्हटलं. तो कायम मीटिंगमध्ये. मी पडायचे आणि त्याची मीटिंग मोडायची.

मे महिन्यात येणार होता, जमत नाही म्हणाला. बरंच झालं. मलाही मे महिन्यात सवड नव्हती.

९ मार्च

शिट्टीची चाचणी. गॅलरीत उभं राहून तीनदा वाजवली, मग दार उघडं ठेवून जिन्याकडे तोंड करून खुर्चीत बसले. येणाऱ्यांची गर्दी होईल म्हणून चपला आधीच बाजूला सारून ठेवल्या होत्या.

मैदानातल्या पोरांनी खेळ थांबवला आणि फाउल कोणाचा यावरून भांडू लागली. खाली एक जण गाडी मागे घेत होता, त्यानं ब्रेक दाबला आणि मान बाहेर काढून विचारलं, अजून येऊ का मागे? ये म्हटलं.

वर कोणी आलं नाही. पण आवाज सगळीकडे पोचतो हे सिद्ध झालं. चाचणी यशस्वी.

१० मार्च

बिस्किटं खराब झाली नाहीत ना, हे मी रोज तपासते आहे. एक पुडा तपासून संपला. म्हणून पिशवीला चिकटपट्टीचे वेढे मारले आणि ती उंच खुंटीला टांगली. शिट्टीही आतच. काढायला स्टूल लागतं. स्टूल ओढलं की खालच्या मजल्यावरचे घड्याळवाले वर येतात. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. बायको गेल्यापासून दुपारी झोपतात आणि उरलेला वेळ त्या झोपेवर पहारा देतात.

आजही आले. म्हणाले, बाई, वर काय घोडे बांधलेत? म्हटलं, तुमचाच जीव वाचवायची तयारी चालली आहे. म्हणाले, जीव राहू द्या, झोप वाचवा.

यांना सगळ्यात शेवटी वाचवायचं असं ठरवलं.

१४ मार्च, संध्याकाळ

आज प्रत्यक्ष सराव झाला. ठरवून केला असं नाही. बाथरूमच्या दाराची कडी अडकली, मी आत. फोन गादीवर, पिशवी खुंटीवर, शिट्टी पिशवीत.

आधी हाका मारल्या. मग गप्प बसले, दम राखून ठेवावा म्हणून. पालथ्या बादलीवर बसले. पाय गार पडत गेले. उद्या रविवार, हे उगाच मनात आलं. मुलगा फोन करेल, मी उचलणार नाही, त्याला वाटेल आई झोपली. मग तो पुढच्या रविवारी करेल.

नंतर उठले. बादलीची लोखंडी कडी उपसली आणि पाण्याच्या पाइपवर ठोकली. तीन ठोके, थांबायचं, पुन्हा तीन. डोळ्यांत पाणी आलं ते साबणाचं.

बऱ्याच वेळानं खालच्या बाथरूमच्या झरोक्यातून घड्याळवाले कडाडले, अहो, आता पाइपपण सोडत नाही का? म्हटलं, अडकले आहे. तेव्हा आवाज एकदम उतरला. दार ढकलताय का, म्हणाले. म्हटलं, मग काय ओवाळू? म्हणाले, ढकलू नका, मूठ धरून दार वर उचला, मग कडी सरकवा. दार फुगलंय, कडीचा दोष नाही.

सरकली.

म्हणजे सुटका माझी मीच केली. त्यांनी नुसतं बोलायचं काम केलं. तरी वर आले, म्हणून चहा दिला. माळ्यावरच्या पेटीतले कप कोण काढणार, आणि वापरातला एकच. तो त्यांना दिला, मी वाटीत प्यायले. कप पिशवीत दोन आहेत म्हटल्यावर ते खुंटीकडे बघत बसले. हसले नाहीत. मग कडीला तेल घालून गेले.

१५ मार्च, रविवार

मुलाला सांगितलं, सगळं ठीक.

घड्याळवाल्यांचं मात्र ठीक नाही. माणूस एकटा, रात्री-अपरात्री काही झालं तर? कोणीतरी लक्ष ठेवायला हवं. तेव्हा असं ठरलं: सकाळी चहा झाला की मी पाइपवर दोन ठोके देणार, त्यांनी दोन परत द्यायचे. दोन म्हणजे ठीक. तीन म्हणजे धावा.

२१ मार्च

रोज चालू आहे. त्यांचे ठोके घड्याळासारखे, मोजून मापून. मी त्यांच्यासाठी लवकर उठते. काल त्यांनी माझ्या आधीच ठोकलं. शिस्त नाही. पण सोडून दिलं.

२९ मार्च

दोन ठोके दिले. उत्तर नाही. पुन्हा दिले. नाही.

स्टूल ओढलं. तरीही खालून ओरडा आला नाही. चिकटपट्टी दातांनी तोडली. गळ्यात शिट्टी, खांद्यावर दोरी, काखेत पिशवी, हातात टॉर्च, जिना कसा उतरले माहीत नाही. बेल सोडलीच नाही.

दार एका बाईनं उघडलं. त्यांची मुलगी. आत खोकी, दोऱ्या, गुंडाळलेल्या गाद्या, आणि खोक्यांच्या मधोमध घड्याळवाले धडधाकट. मुलीनं माझ्याकडे बघून त्यांना विचारलं, बाबा, या कोण? ते म्हणाले, वरच्या. मग मला म्हणाले, सकाळी बाथरूम नातवानं अडवलं होतं, आंघोळीला बसला होता, तुम्हाला सांगायलाच येणार होतो. मला घेऊन चाललेत.

मुलगी म्हणाली, मावशी, काही हवं होतं का?

म्हटलं, साखर.

स्वयंपाकघर आवरतच होते, अख्खा डबा हातात दिला. मला साखर बंद होऊन दहा वर्षं झाली.

वर येताना पिशवीतला एक कप त्यांच्या खोक्यात ठेवला. प्रवासात लागतो. त्यांनी तो कागदात गुंडाळला, सावकाश, घड्याळ गुंडाळावं तसा.

५ एप्रिल, रविवार

पिशवी पुन्हा भरली. आता हलकी झाली, खालच्या खुंटीवरही राहते. एका माणसाला भरपूर आहे. स्टूल दुपारभर ओढलं तरी कोणी येत नाही. शांत आहे इमारत.

मुलाला म्हटलं, ते मनगटावरचं बटण पाठव. म्हणाला, काय झालं आई? म्हटलं, काही नाही, तुझ्या समाधानासाठी.

सकाळी चहा झाल्यावर पाइपवर दोन ठोके दिले. पाइप शाबूत आहे ना, बघायला.